आधी माती उकर

प्रस्तावना

तालमीत मी गेलो तो कुस्ती शिकायला. नवा लंगोट, वडिलांनी बाजारातून आणलेली तेलाची बाटली आणि गावच्या जत्रेत पाहिलेल्या दोन-चार डावांची घमेंड, एवढा ऐवज बरोबर होता. वस्तादांनी एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, कोपऱ्यातलं फावडं दाखवलं आणि म्हणाले, "आधी माती उकर." पुढचे जवळजवळ पाच आठवडे मी तेवढंच केलं. पहाटे साडेचारला उठायचं, हौद्यात उतरायचं, आदल्या दिवशी पोरांनी तुडवून घट्ट केलेली माती खालवर करायची, ढेकळं फोडायची आणि मग गुडघ्यावर बसून हाताने चाचपत या कडेपासून त्या कडेपर्यंत जायचं. सहाव्या-सातव्या दिवशी बोटाला काहीतरी टोचलं. बांगडीच्या काचेचा तुकडा होता, नखाएवढा. नव्या मातीच्या गाडीतून आला असावा. मी तो वस्तादांकडे नेला. त्यांनी दिव्याखाली धरून पाहिला, कागदात गुंडाळला आणि सगळ्या पोरांना हाक मारली.

"ह्यो आज कुणाच्या डोळ्यात जाणार हुता, सांगा बघू?"

कुणी बोललं नाही. त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं की नव्या पोराची खोड मोडायला म्हणून फावडं देतात. तसं असतंही थोडंफार, खोटं का बोला! पण उकरलेली माती भुसभुशीत होते, पडणाऱ्याची पाठ ती झेलते, आणि ती रोज कुणाच्या तरी हाताखालून गेल्याशिवाय तिच्यात काय दडलंय ते कळत नाही, हे त्या काचेने मला शिकवलं. नव्या पोराच्या हातात फावडं देण्याचं दुसरंही एक कारण होतं. ज्या मातीवर उद्या दुसऱ्याला आपटायचं, ती त्याच्यासाठी आपण स्वतः मऊ करायची. हे कुणी मला शब्दांत सांगितलं नाही. हे पुस्तक लिहायला बसलो तेव्हा ते शब्दांत मांडायची वेळ आली.

या पुस्तकात डाव नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. ढाक कशी मारावी, कलाजंगावर माणूस कसा उचलावा, धोबीपछाडीत पाय कुठे असावा, हे ज्याला हवं त्याने वस्तादांकडे जावं. जुनं वाचायचं असेल तर बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांचा दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' आहे. आता तर मोबाइलवर एकेका डावाचे शेकड्याने व्हिडिओ आहेत. पण तालमीत वागायचं कसं हे मात्र कुणी फारसं लिहिलेलं नाही, कारण ते लिहायची गरज पडत नव्हती. पोरगं तालमीतच राहायचं. तिथेच झोपायचं, तिथेच आळीपाळीने भाकरी थापायचं, थंडाई घोटायचं, मोठ्यांचे बोल खायचं. चार-सहा महिन्यांत वळण आपोआप अंगात मुरायचं. कोल्हापुरात आणि पुण्यात अजूनही अशा तालमी आहेत. पण आता बरीचशी पोरं संध्याकाळच्या दीड तासाच्या वर्गाला येतात, बाहेर आई स्कूटरवर थांबलेली असते, आणि पोराला सातला ट्यूशन असते. त्याला डाव शिकवून होतात. वळण मुरायला वेळ उरत नाही. मग ते सांगायला लागतं, आणि सांगायचं म्हटलं की सांगणाऱ्याला त्यामागचं कारण ठाऊक असावं लागतं. "पूर्वापार चालत आलंय" एवढ्यावर आजचं दहा वर्षांचं पोरगं ऐकत नाही, आणि ऐकू नये.

तालीम हा शब्द अरबी. त्याचा अर्थच मुळी शिक्षण. वस्ताद म्हणजे उस्ताद, फारसीतून आलेला. पैलवानही तिकडचाच. आमच्या मातीत हे शब्द इतके कालवले गेलेत की आता मारुतीच्या तसबिरीखाली बसलेल्या माणसाला वस्ताद म्हणताना कुणाला काही वेगळं वाटत नाही. बडोद्याचे प्रोफेसर माणिकराव ज्यांच्याकडे शिकले ते जुम्मादादा मुसलमान होते, आणि माणिकरावांनी पुढे आपल्या व्यायाममंदिराला गुरूचंच नाव दिलं. पुण्याच्या गंजपेठेत लहुजी वस्ताद साळव्यांची तालीम होती. मांग समाजातल्या या वस्तादाकडे जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. या दोन गोष्टी आठवल्या की मला बरं वाटतं, पण त्यावरून तालमीत जातपात कधी नव्हतीच असं म्हणणारा माणूस भेटला की मी विषय बदलतो. नावानिशी सांगता येतील अशा थोड्या तालमींत नव्हती. बाकीच्यांत पाण्याची भांडी निराळी होती. मातीत अंगाला अंग लावायचं आणि बाहेर आल्यावर तांब्या वेगळा, हा प्रकार पाहिलेली माणसं अजून हयात आहेत. म्हणून पुस्तकातल्या नियमांत पहिल्याच पानावर लिहिलंय की तालमीत आडनाव विचारायचं नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तालमीची जी अदब म्हणून आपण ओळखतो, ती बहुतेक सगळी समोरच्याच्या शरीराची काळजी आहे. देवधर्माचं, मानपानाचं कापड तिच्यावर नंतर चढलंय. ते कापड वाईट आहे असं नाही. पण आतलं अंग दिसेनासं झालं की लोक कापड जपतात आणि अंग विसरतात.

चपला बाहेर का? देवळासारखं पवित्र स्थान म्हणून, असं पोरं सांगतात. खरंच आहे. पण रस्त्यावरची घाण, शेण, खडे, खिळे त्या चपलांबरोबर आत येतात, आणि हौद्यात पोरांच्या कोपरांना, गुडघ्यांना रोज खरचटलेलं असतं. मातीतल्या जखमेने धनुर्वात होऊ शकतो. म्हणून चपला बाहेर, आणि म्हणूनच प्रत्येक पोराचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते वस्तादांच्या वहीत असलं पाहिजे. पहिली गोष्ट प्रत्येक तालीम पाळते. दुसरी किती पाळतात हे मी विचारत फिरलो, आणि उत्तरं ऐकून गप्प बसलो.

मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालायची रीत आहे. कुणी तूपही घालतात. मातीला ओल राहावी, धूळ उडू नये, वास बरा यावा, अंगाला बरं वाटावं, हे सगळं त्यात आलं. माझा हळदीवर विश्वास आहे. पण हळद घातली म्हणजे माती निर्जंतुक झाली, असं समजणाऱ्या माणसावर नाही. गजकर्ण हा पैलवानांचा जुना सोबती. एकाच्या मांडीवर उठला की पंधरवड्यात दहाजणांच्या मानेवर दिसतो. त्यावर तालमीचा जुना नियम असा: दुसऱ्याचा लंगोट घालायचा नाही, दुसऱ्याच्या पंचाने अंग पुसायचं नाही, लढत झाली की अंघोळ केल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. कुठल्या त्वचारोगतज्ज्ञाला विचारा, तो यापेक्षा फार वेगळं सांगणार नाही. एवढंच जोडेल की चट्टा दिसला की मातीत उतरू नको, आणि दुकानातून कुणाच्या सांगण्यावरून आणलेलं मलम चोळू नको. हा जोडलेला भाग पोरांना आवडत नाही, कारण त्यात आठ-पंधरा दिवस बाहेर बसावं लागतं. बाहेर बसायला लाज वाटते म्हणून चट्ट्याला पट्टी बांधून लढणारं पोरगं मी ओळखतो. एकेकाळी ते मीच होतो.

सलामी घेताना पैलवान एकमेकांच्या अंगावर माती टाकतात. मैदानात हे दृश्य फार देखणं दिसतं, छायाचित्रकार त्याच्यासाठी टपून असतात. त्याचं काम साधं आहे. घामेजलेल्या अंगावरून पकड निसटते, आणि निसटलेला हात कुठे जाईल याचा नेम नसतो; बोट डोळ्यात जातं, कोपर दातांवर बसतं. म्हणून मी तुझं अंग कोरडं करतो, तू माझं कर. गादीवर माती नसते, तर तिथे अंगाला तेल लावून यायला बंदी आहे आणि पंच कुस्तीआधी नखं तपासतात. तीच गोष्ट, फक्त वहीत लिहिलेली.

जोड वस्ताद लावतात, पोरं नाही. हा तालमीतला सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे असं माझं मत झालंय. कुणाची लढत कुणाशी, किती वेळ, आज जोरात की हलक्या हाताने, हे एकाच माणसाने ठरवायचं. त्याला प्रत्येकाचं वजन, वय, कालचं दुखणं आणि आजचा मूड माहीत असतो. हा नियम मोडतो तो बहुधा वस्ताद चहाला गेल्यावर. दोन पोरं एकमेकांना खुणावतात, "ये की, बघू." पंचेचाळीस किलोचं पोरगं साठ किलोच्याला भिडतं, बाकीचे कडेला बसून चेव आणतात. हाडं मोडतात ती अशा वेळी. जोराने जेवढं दुखावत नाही, तेवढं खुन्नसने दुखावतं.

माझ्या हातून झालं तेही असंच होतं. मी एकोणीस वर्षांचा होतो. समोरचा माझ्याच वयाचा, शेजारच्या गावचा, माझ्यापेक्षा चपळ. त्या सकाळी त्याने मला दोनदा चीत केलं होतं आणि दुसऱ्यांदा उठताना हसला होता. हसण्यात काही नव्हतं, आज कळतं. तिसरी लढत लांबली. तो दमला, त्याचे हात खाली आले, आणि वस्ताद बाहेरच्या कट्ट्यावरून ओरडले, "सोडा!" मला ऐकू आलं. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. विचारणाऱ्यांना मी "गडबडीत ऐकू आलं नाही" असंच सांगत आलो. ऐकू आलं होतं. तो थांबला, त्याने पकड सैल केली, आणि मी ढाक मारली. सैल सोडलेलं अंग पडायला तयार नसतं. तो खांद्यावर आला आणि कॉलरबोन मोडल्याचा आवाज मला माझ्या हातात जाणवला, कानात नाही.

वस्तादांनी मला मारलं नाही, तालमीतून काढलंही नाही. त्याला दवाखान्यात पोचवून आल्यावर एवढंच म्हणाले, "त्याच्या घरी दोन म्हशी हैत. त्याचा हात बरा हुईस्तोवर वैरणपाणी तू बघायचं." सहा आठवडे मी पहाटे मेहनत उरकून साडेतीन किलोमीटर सायकल मारत त्या घरी जात होतो. वैरण कापायची, शेण काढायचं, धार काढायला त्याची आई बसायची तेव्हा म्हैस धरायची. तो गळ्यात हात अडकवून ओसरीवर बसलेला असायचा. त्याची आई रोज चहा द्यायची आणि एक शब्द बोलायची नाही. त्या चहापेक्षा वस्तादांच्या चार काठ्या परवडल्या असत्या. माझ्या लेखी तालमीतलं सगळं शिक्षण त्या ओसरीवर झालं. तो पुढे पुन्हा लढला; मला मात्र त्यानंतर वर्षभर ढाकेला हात घालवला नाही.

"सोड" म्हटलं की सोडायचं. पुस्तकातलं सगळ्यात लहान प्रकरण हेच आहे, एका पानाचं. सोड वस्तादांनी म्हणावं, पंचांनी म्हणावं किंवा खाली सापडलेल्याने म्हणावं. तिसऱ्यावर काही जुन्या मंडळींचा आक्षेप आला. "पैलवान सोड म्हणत नाही, वस्ताद म्हणतात," असं एकाने मला ऐकवलं. इथे मला जपानची गोष्ट सांगावी लागते.

कानो जिगोरो यांनी १८८२ साली टोकियोतल्या एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत जुदो शिकवायला सुरुवात केली. माणूस शिक्षक होता, आणि जुन्या जुजुत्सूतले जे डाव सरावात माणूस मोडतात ते त्याने मोकळ्या सरावातून बाजूला काढले. पडायचं कसं, हे जुदोत फेकायचं कसं याच्या आधी शिकवतात. गळा किंवा सांधा आवळला गेला की समोरच्याच्या अंगावर दोनदा थापटायचं. थापटलं की सुटका, त्यात कमीपणा नाही. आत येताना वाकायचं, जोडीदारासमोर वाकायचं, संपल्यावर पुन्हा वाकायचं. आपली आणि समोरच्याची दोघांची भरभराट व्हावी, हे कानोंनी आपल्या शिकवणुकीचं एक सूत्रच करून ठेवलं. कागदावर याहून चांगली अदब कुणी मांडली असेल असं मला वाटत नाही.

आणि त्याच जपानच्या शाळांमध्ये १९८३ पासून पुढच्या तीस वर्षांच्या आत शंभराहून अधिक मुलं जुदो करताना मेली. नागोया विद्यापीठातल्या उचिदा र्यो या अभ्यासकाने शाळांच्या विम्याच्या नोंदी चाळून हा आकडा लोकांसमोर आणला. बरीचशी मुलं डोक्याला मार लागून गेली, आणि त्यांत नवशिकी पुष्कळ होती, ज्यांची मान अजून पडायला तयार झाली नव्हती. २०१२ पासून तिथल्या माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीच्या होणार होत्या, म्हणून आई-बाप खवळून उठले आणि देशभर चर्चा झाली. मुलांना आधी थकेपर्यंत राबवलं जात होतं, चक्कर येते म्हणणाऱ्याला आळशी ठरवलं जात होतं, अशा हकिगती बाहेर आल्या. ती सगळी मुलं नियमाप्रमाणे वाकून आत गेली होती.

मला ही गोष्ट वाचून झोप लागली नाही. कारण तोवर मीही मानत होतो की अदब असली की पुरे. जपानी शाळांत अदब आपल्यापेक्षा काकणभर जास्तच होती, पण ती एकाच दिशेने वाहत होती, खालून वर. पोराने सरांना नमस्कार करायचा, उलट बोलायचं नाही, दुखलं तर दाखवायचं नाही. वरून खाली काही येत नव्हतं. आपल्याकडे वस्तादांच्या पाया पडायची रीत आहे आणि ती राहावी असं मला वाटतं. मी अजूनही पडतो. पण पाया पडणाऱ्याला "वस्ताद, आज मान दुखतीया, मी लढत नाही" असं म्हणायची सोय त्याच तालमीत हवी, आणि ते म्हटल्यावर त्याची टिंगल करणाऱ्याला शंभर जोर. डोक्यावर पडलेलं पोरगं उठून उभं राहिलं, "काय झालं नाही" म्हणालं, तरी त्या दिवशी त्याची लढत बंद. त्याला एकटं झोपू द्यायचं नाही, उलटी झाली किंवा बोलणं अडखळलं तर दवाखाना. मानेवर पडून हातापायाला मुंग्या आल्या म्हणाला तर त्याला उठवायचं नाही, बसवायचं नाही, मान ओढून "बसवायची" तर मुळीच नाही. हाड बसवणारे जुने वस्ताद मी पाहिलेत, त्यांच्या हाताला गुण होता हेही खरं. पण मान हा त्यांच्या हाताचा विषय नव्हता आणि नाही. १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत त्याच्या डोक्याशी बसून राहायचं.

वरून खाली येणाऱ्या अदबीचा आणखी एक भाग आहे, जो लिहिताना माझा हात जड झाला. तालमीत लहान पोरांनी मोठ्यांची मालिश करायची पद्धत आहे. रगडून घेणं आणि रगडून देणं, दोन्ही मेहनतीचा भाग. पण ते उघड्यावर, चारचौघांत. दार लावून नाही, रात्री नाही, आणि पोरगं नको म्हणालं तर नाही. दिल्लीत २०२३ साली देशासाठी पदकं आणलेल्या महिला पैलवान लैंगिक छळाची तक्रार घेऊन जंतरमंतरवर रस्त्यावर बसल्या, तेव्हा आमच्याकडच्या काही कट्ट्यांवर त्यांची चेष्टा झाली. ती चेष्टा करणाऱ्यांपैकी काहींच्या मुली आज तालमीत येतात. त्याच वर्षी सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, त्यामुळे मुलींचं येणं आता थांबणार नाही. त्यांना कपडे बदलायला आडोसा, लढतीला शक्यतो मुलगीच जोडीला, शिकवताना पकड दाखवायची तर आधी "इथं हात धरतो" असं सांगणं, आणि वर्गाला एखादी बाई हजर असणं, हे किमान आहे. "आमच्याकडं तसलं काही होत नाही" हे उत्तर ज्या तालमीत मिळेल तिथे मी माझी नात पाठवणार नाही.

वजनाचा प्रश्न मातीच्या कुस्तीत फारसा नव्हता. तिथे उलट खुराकाची काळजी. गादी आली, वजनी गट आले आणि वजन तोडणं आलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट शंभर ग्रॅमने अंतिम कुस्तीला मुकली तेव्हा सारा देश हळहळला. मला तेव्हा आदल्या रात्री तिने काय काय केलं असेल हेच दिसत होतं. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस महिनाभरात तीन कॉलेजचे पैलवान वजन उतरवताना मेले. रबरी पोशाख घालून गरम खोलीत सायकल मारणं, पाणी तोडणं, हेच कारण. त्यानंतर तिथे हे प्रकार बंद केले गेले. आपल्याकडे तालुक्याच्या शालेय स्पर्धेला चौदा वर्षांचं पोरगं दोन दिवस पाणी न पिता वजनकाट्यावर उभं राहतं, आणि शिकवणाराच त्याला थुंकत पळायला लावतो. अठरा वर्षांखालच्याने वजन तोडायचं नाही, वरच्या गटात लढायचं आणि हरायचं. हरून कुणी मेलेलं नाही. ताकद वाढवायच्या इंजेक्शनांबद्दल वेगळं प्रकरण आहे, कारण ती आता खेड्यातल्या तालमीपर्यंत पोचलीत. इथे एवढंच लिहितो की सुई देणारा माणूस वस्ताद नसतो, मग त्याने कितीही गदा जिंकलेल्या असोत.

पंचांविषयी थोडं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचं मैदान बांधून घेतलं तेव्हा प्रेक्षकांना चहू बाजूंनी, अगदी शेवटच्या ओळीतूनही कुस्ती दिसावी अशी खोलगट रचना केली. हजारो डोळ्यांदेखत निकाल लागतो, त्यामुळे मैदानात आरडाओरडा व्हायचाच. पण पैलवानाने पंचांच्या अंगावर जायचं नाही हे ठरलेलं होतं. अहिल्यानगरला २०२५ च्या महाराष्ट्र केसरीत गादीवर एका पैलवानाने पंचांवर पाय उचलला, ते सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. पंचांचा निर्णय चुकला की बरोबर, त्यावर आजही दोन तट आहेत, आणि मला त्यात पडायचं नाही. माझं म्हणणं असं की तो उचललेला पाय आमच्या तालमीतल्या पन्नास पोरांनी पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या दोघांनी तो आमच्या मदतनिसावर उचलून पाहिला, हसत हसत. तक्रार लिहून देता येते. पैलवान खाशाबा जाधवांना हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला लोकांच्या दारात वर्गणी मागत फिरावं लागलं, त्याआधी लंडनला आयुष्यात पहिल्यांदा गादीवर लढावं लागलं. तक्रारी करायला त्यांच्याकडे ढीगभर जागा होती. १९५२ साली त्यांनी कांस्यपदक आणलं.

हे पुस्तक कुस्तीच्या तालमीसाठी लिहिलंय, पण जुदो, कराटे, तायक्वांदोच्या वर्गांनाही ते बरंचसं लागू पडेल. तिथे पट्ट्याच्या रंगाची घाई हे एक जास्तीचं दुखणं आहे. सहा महिन्यांत रंग बदलून देणारा वर्ग पाहिला की फी भरण्याआधी पालकांनी एक दिवस कोपऱ्यात बसून पाहावं: पोरं पडायला किती वेळ शिकतात, शिकवणारा किती वेळा मोबाइल बघतो, आणि एखादं पोरगं रडलं तर बाकीचे काय करतात. एवढ्याने बहुतेक कळतं.

ज्यांनी हस्तलिखित वाचून चुका काढल्या त्या दोन डॉक्टरांचा, एका वकीलबाईंचा आणि "सोड" वाल्या प्रकरणावर माझ्याशी तासभर भांडलेल्या जुन्या वस्तादांचा मी ऋणी आहे. त्यांचं मत मी बदलू शकलो नाही, पण त्यांच्या तालमीच्या भिंतीवर आता १०८ हा आकडा रंगवलेला आहे, मारुतीच्या तसबिरीच्या उजव्या हाताला, लांबून दिसेल एवढा मोठा. पहिलं प्रकरण नखांवर आहे. पोरांना वाचून दाखवायला बसाल तेव्हा नेलकटर जवळ ठेवा.